वस्तीतील दुकान आणि आमच्या साहित्याची नजर

१

भंडारा शहरातील ज्या वस्तीत माझे बहुतेक आयुष्य गेले, त्या वस्तीच्या तोंडाशी एके काळी बिडी ठेकेदाराची खोली होती. सकाळी बाया तेथून तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन जात, घरी बसून बिड्या वळत आणि सायंकाळी हजाराचा हिशोब घेऊन परत येत. ठेकेदाराचा माणूस त्यातल्या बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाटलेली बिडीही परत मिळत नसे. त्या खोलीत आज मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. ते चालविणारा मुलगा वस्तीतलाच असून त्याच्या आजीने याच खोलीच्या पायरीवर बसून बिड्या मोजून दिलेल्या आहेत.

शेजारी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र आहे. पुढे बिछायत केंद्र, वेल्डिंगचे शेड, पंक्चरचे दुकान, दोन किराणे, एक ब्युटी पार्लर, अंड्याचा ठेला आणि एका बाईने घरातच चालविलेली खानावळ. चाळीस वर्षांपूर्वी यांतले पंक्चरचे दुकान आणि एक किराणा एवढेच होते, आणि तो किराणाही आमच्या माणसाचा नव्हता.

मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या वस्तीतल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, आपल्या साहित्यात गावकुसाबाहेरचा माणूस आहे, गिरणीतला आहे, झोपडपट्टीतला आहे, ऑफिसातला आहे. दुकानात बसलेला आपला माणूस कुठे आहे?” मी एकदोन पुस्तकांची नावे सांगितली आणि विषय बदलला. पण प्रश्न मनातून गेला नाही. तिला तेव्हा जे सांगता आले नाही ते येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

२

दलित साहित्यात दुकान नाही असे म्हणता येणार नाही. ते आहे, पण आपण त्याच्या बाहेर उभे आहोत. वाण्याच्या दुकानाशी दूर उभे राहून पैसे टाकणारा, वरून सोडलेली पुडी ओंजळीत झेलणारा, हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा घेणारा माणूस आमच्या आत्मकथनांतून पुन्हापुन्हा येतो. हे चित्र खरे आहे आणि ते मांडणे आवश्यकच होते. बाजार ही सर्वांना मोकळी जागा असते, तेथे पैशाला जात नसते, असे सांगणाऱ्या पुस्तकी अर्थशास्त्राला या एका पुडीने दिलेले उत्तर पुरेसे आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातील बाया चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करतात. हाही धंदाच आहे, पण बाजाराच्या तळाशी असलेला. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूला किंमत मिळवून देणारा. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) तर माणसाचे शरीरच बाजारात उभे आहे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’च्या (२००३) आरंभी कोकणातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीचा बाजार गाठतात. पुस्तकाचे नावच आईने विणलेल्या बांबूच्या वस्तूंवरून आले आहे. आई विणते आणि विकते. तरीही आमच्या समीक्षेने ‘आयदान’ वाचताना विणण्यावर जेवढे लिहिले, तेवढे विकण्यावर लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या टोपलीची किंमत कोण ठरवी, घासाघीस कशी होई, पैसे कोणाच्या हाती जात, हे प्रश्न आम्हांला साहित्याबाहेरचे वाटले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बेबीताई कांबळे. ‘जिणं आमुचं’ (१९८६) हे दलित स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या आत्मकथनांपैकी एक. ते कोठे लिहिले गेले? फलटणला नवरा-बायकोने सुरू केलेल्या छोट्या दुकानात. आधी सुटी द्राक्षे विकली, मग भाजी आणि त्यातून पुढे किराणा उभा राहिला. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचता वाचता वाचनाची गोडी लागली आणि गल्ल्यामागे बसून त्यांनी लिहिले. लिहिलेले वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ही हकीकत आपल्याला सविस्तर कळते ती माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादासोबत २००८ साली आलेल्या मुलाखतीतून.

मला येथे थांबावेसे वाटते. ज्या पुडीने आमच्या माणसाचा अपमान केला, त्याच पुडीच्या कागदावर एका बाईने वाचन केले, कारण आता दुकान तिचे होते. तिला लिहायला बसण्याची जागा शाळेने दिली नाही, नोकरीने दिली नाही; ती दुकानाने दिली. ‘जिणं आमुचं’वर बोलताना आम्ही वेदना, विद्रोह आणि स्त्रीचे दुहेरी शोषण यांवर भरभरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ही वेदना शब्दांत येण्यासाठी लागणारा निवांतपणा आणि चार पैसे कोठून आले, हे विचारायला आम्ही विसरतो.

३

या विसरण्याला एक कारण आहे. वैदर्भीय लेखक म्हणून ते स्पष्टपणे मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. दलित आत्मकथनांचा पहिला जोरदार प्रवाह पश्चिम महाराष्ट्रातून आणि मराठवाड्यातून आला. तेथील महारकी, वतन, येसकरपाळी, बलुते हे अनुभव इतक्या ताकदीने आले की तोच साऱ्या दलितांचा भूतकाळ होय असे समीक्षेने गृहीत धरले. महार वतन हा मुख्यतः मुंबई इलाख्यातील प्रश्न होता, आणि बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले तेही मुंबईच्या कायदेमंडळात. आमचा हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. येथे कोतवाली होती, वेठ होती, अस्पृश्यता तर होतीच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती: माग होता.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात महारांचा उल्लेख मजूर आणि गावचा राखणदार यांच्याबरोबरच जाडेभरडे कापड विणणारे असाही आहे. नागपूर-भंडारा भागात आमच्या आजोबा-पणजोबांचा माग घरात होता आणि विणलेले कापड आठवडी बाजारात जात असे. म्हणजे आमचा माणूस केवळ शिळी भाकरी मागणारा नव्हता. तो माल तयार करणारा आणि बाजारात बसून विकणारा कारागीरही होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुताने आणि पुढे गिरणीच्या कापडाने हातमागाचा हा धंदा हळूहळू मोडला. विणकराचा मुलगा गिरणीत गेला किंवा बिडीच्या पानांकडे वळला.

येथे मुंबईची गोष्ट आठवावी. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचे सूत सवर्ण कामगाराला चालणार नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. विदर्भात ज्यांचा विणणे हा व्यवसायच होता, त्यांच्याच मुंबईतल्या बांधवांना विणणे नाकारले जात होते. तेव्हा जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन पुस्तकातून आलेले नसून अशा प्रत्यक्षातून आलेले आहे.

हा इतिहास आमच्या साहित्यात फार थोडा आला. नागपूरच्या वसंत मून यांनी ‘वस्ती’मध्ये (१९९५) वेगळी वाट धरली. त्यांनी एका माणसाच्या दुःखाऐवजी अख्ख्या वस्तीलाच नायक केले. पण ‘वस्ती’कडेही आम्ही चळवळीच्या आठवणींचे पुस्तक म्हणूनच पाहिले. आमच्या भागातील पहिल्या पिढीचे पुढारी किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढून पत्रे चालविली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण छापखाना हा धंदा आहे, त्याला कागद, शाई, खिळे, गिऱ्हाईक आणि उधारी लागते, हे आपल्या लक्षात येत नाही. तो छापखाना नसता तर ते विचार कोणी छापले असते? आजही दीक्षाभूमीवर दरवर्षी लागणारी पुस्तकांची दुकाने पाहा. विद्यापीठांनी आमच्या साहित्याची दखल घेण्याच्या आधीपासून जमिनीवर फडके पसरून बसलेल्या विक्रेत्याने ते घराघरांत पोचविले. त्या विक्रेत्यावर आमच्या समीक्षेत एक परिच्छेदही सापडणे कठीण.

४

आता आजच्या वस्तीकडे येतो. नव्या धंद्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. जात संपली, आता हुन्नर पाहतात, असे ते सांगतात. माझा अनुभव इतका सरळ नाही. आमच्या वस्तीतील कोणता धंदा वस्तीबाहेर चालतो आणि कोणता वस्तीतच राहतो, याची मी मनाशी नोंद ठेवीत आलो आहे. मोबाईल दुरुस्ती, वेल्डिंग, पंक्चर, झेरॉक्स, वायरिंग यांना सर्व जातींचे गिऱ्हाईक येते. बिछायत केंद्राच्या खुर्च्या आणि मंडप कोणाच्याही लग्नाला जातात. पण त्याच बिछायतवाल्याने स्वयंपाकाचे कंत्राट घ्यायचे ठरविले, तेव्हा ते बहुतेक आपल्याच लोकांच्या कार्यक्रमांपुरते राहिले. खानावळीच्या बाईकडे बाहेरगावची मुले चौकशीला येतात, दर विचारतात, भाजी विचारतात आणि मग सहज विचारावे तसे आडनाव विचारतात. काही परत येतात, काही येत नाहीत.

पंक्चरवाल्याने हे मला एका वाक्यात सांगितले होते. “गुरुजी, चाक बसलं का मानूस जात पुसत नाही जी. पन वडा हाती देल्ला का मंग इचारतेत.” कोणत्याही समाजशास्त्रीय पाहणीपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटते. लोखंडाला, प्लास्टिकला, कागदाला विटाळ लागत नाही. अन्नाला, पाण्याला, दुधाला लागतो. धोट्यातील सुताचा तो नियम शंभर वर्षांनंतरही पुरता गेलेला नाही. तो गिरणीतून उठून खानावळीत येऊन बसला आहे.

म्हणून पाटीचा प्रश्न निर्माण होतो. वस्तीच्या आत पाट्यांवर पंचशील, सिद्धार्थ, रमाई, भीमज्योती अशी नावे आहेत. खात रोडला किंवा गांधी चौकाकडे दुकान टाकायची वेळ आली, की तोच मालक एखादे निर्गुण इंग्रजी नाव घेतो, किंवा एखाद्या देवाचे. आत गल्ल्यावर बाबासाहेबांचा फोटो असतो, पण तो गिऱ्हाईकाला दिसेल अशा जागी नसतो. बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या नावाने कथासंग्रह दिला. त्या कथेतला नायक भाड्याच्या खोलीसाठी जात लपवितो. आज माणूस निर्भयपणे जयभीम म्हणतो, पण त्याच्या दुकानाला जात चोरावी लागते. हा अनुभव बागुलांच्या कथेइतकाच कथेचा विषय आहे. अशा मालकाला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दुकानाचे भाडे, बँकेचा हप्ता आणि दोन मुलांची फी यांच्या मध्ये उभे राहून त्याने ती पाटी रंगविली आहे. नकार आणि तडजोड यांचा हा झगडा त्याच्या मनात रोज चालतो. त्या मनात शिरणारा लेखक मला हवा आहे.

याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला, २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. ते कुटुंब स्वतःच्या शेतावर राबत होते, मुलांना शिकवीत होते आणि कोणापुढे वाकत नव्हते. भंडारा जिल्ह्यातला कोणताही दलित माणूस स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा विचार करताना ही तारीख विसरू शकत नाही. आमच्या उत्कर्षाचे गणित केवळ भांडवल आणि कष्ट यांनी सुटत नाही. त्यात दुसऱ्याच्या डोळ्यांत आपण किती खुपतो, हाही आकडा धरावा लागतो. दुकानाची पाटी रंगविणाऱ्याच्या हाताला तो आकडा माहीत असतो.

५

येथे काही कार्यकर्ते मित्र मला अडवतील. ते म्हणतील, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. मग तुम्ही दुकानदाराचे गोडवे का गाता? आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, बाबासाहेबांना धंदा ठाऊक नव्हता असे नाही. परदेशातून परतल्यावर आणि बडोद्याचा तो दारुण अनुभव घेतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाच्या हुन्नराला बाजाराने जात विचारली. आमच्या खानावळीच्या बाईला विचारला जाणारा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातील हा प्रसंग वाचतो आणि पुढच्या पानावर जातो.

दुसरी गोष्ट, पंक्चरवाला भांडवलदार नव्हे. तो स्वतःच्या श्रमावर जगतो आणि अनेकदा मजुरापेक्षा अधिक तास राबतो. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन झाली, तेव्हापासून दलित भांडवलाची चर्चा होते. शासनाच्याही योजना आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, २०१५ साली मुद्रा योजना आणि २०१६ साली स्टँड अप इंडिया आली. पण कोट्यधीश दलित उद्योजकाचे छायाचित्र पाहून वस्तीतल्या दुकानाविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मुद्रेच्या ‘शिशू’ गटात कर्जाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. एवढ्यात शिलाई यंत्रे येतील, ठेला येईल. चौकातल्या गाळ्याची अनामत येणार नाही. मग माणूस वस्तीतच दुकान टाकतो आणि वस्तीतल्याच, आपल्यासारख्याच कमी मिळकतीच्या लोकांना विकतो. गावकुसाबाहेर घर होते, तसे बाजाराबाहेर दुकान झाले.

तिसरी गोष्ट, वस्तीतला प्रत्येक धंदा आपला म्हणून चांगला ठरत नाही. आमच्याकडे यासाठी उसनी कसोटी आणण्याची गरज नाही. अष्टांग मार्गात सम्यक आजीविका आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे बुद्धाने सांगितले, आणि त्याच बुद्धाला जेतवन दान देणारा अनाथपिंडिक व्यापारी होता. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सांचीच्या तोरणाचे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथील लेखच सांगतो. धम्माने कष्टाचा व्यापार कमी लेखला नाही; त्याने आजीविकेला नीतीची अट घातली. या अटीने पाहिले तर वस्तीच्या कोपऱ्यावर खर्रा घोटून देणारा पानठेला, चोरून दारू विकणारे घर आणि बायांना गटाने कर्ज देऊन हप्त्यासाठी दारात येऊन बसणारी खासगी वसुली, यांच्यावरही आम्हांला लिहावे लागेल. खर्रा विकणारा आपलाच मुलगा असला तरी लिहावे लागेल. स्वतःच्या समाजावर टीका करण्याची हिंमत हेच दलित साहित्याचे बळ राहिले आहे.

६

मग आमच्या समीक्षेने काय करावे? माझ्या मते, साहित्यकृतीत माणूस कसा जगतो, त्याच्या हाती पैसा कसा येतो आणि तो देताना-घेताना त्याच्याशी कोण कसे वागते, हे प्रश्न समीक्षेच्या केंद्राशी आणावेत. वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांनी आम्ही एक मोठा काळ पेलला. ते शब्द खोटे पडलेले नाहीत. परंतु प्रत्येक नव्या पुस्तकावर तेच दोन शिक्के मारीत राहिलो तर नव्या पिढीचा अनुभव त्यांत मावणार नाही, आणि ती पिढी आपले जगणे साहित्याला अयोग्य समजून गप्प बसेल. नोकरी कमी होत चालली असताना आणि वस्तीतली मुले मोठ्या संख्येने लहान धंद्यांकडे वळत असताना हे गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही.

विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. आपल्या वस्तीतील किराणा दुकानात जा आणि मालकीण दाखवील तर तिची उधारीची वही पाहा. आमच्या वस्तीतल्या एका दुकानाची वही मी पाहिली आहे. २०२० च्या टाळेबंदीत तीन महिने पानेच्या पाने भरलेली आहेत. अर्धा किलो तेल, एक किलो साखर, साबण, काडीपेटी. नावांपुढे आडनावे नाहीत. ‘राजूची माय’, ‘नळाजवळचे’, ‘मिस्त्री’ अशा खुणा आहेत. काही नोंदींवर आडवी रेघ आहे, म्हणजे पैसे आले. काही अजून तशाच आहेत. मी विचारले, ही उधारी वसूल होणार का? ती म्हणाली, “कायची होते जी गुरुजी. पन त्या टायमाले कोन कोन अडचणीत होतं, हे तं लेहून ठेवाव लागते.”

ती बाई स्वतःला लेखिका म्हणवून घेणार नाही. पण आमच्या वस्तीवर आलेल्या संकटाची इतकी बारीक आणि इतकी खरी नोंद दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही. त्या विद्यार्थिनीला मी आता हेच सांगितले आहे, की दुकानात बसलेला आपला माणूस पुस्तकात शोधू नको, तो अजून पुरेसा तेथे आलेला नाही. तिची आईही घरी शिलाईचे काम करते आणि गिऱ्हाइकांचा हिशोब वहीत ठेवते. मी तिला ती वही मागून घ्यायला सांगितले, आणि तेथून लिहायला सुरुवात करायला सांगितले.